स्थिर न राहणारी नजर

‘अक्षरं हलतात’ अशी तक्रार असलेला माणूस आधी चष्म्याच्या दुकानात जातो, मग नेत्रतज्ज्ञाकडे. नंबर तपासला जातो, मोतीबिंदू आहे का ते पाहिलं जातं, पडद्याची तपासणी होते. सगळं ठीक निघतं. तरीही जिना उतरताना पायऱ्या खालीवर होतात आणि चालता चालता दुकानाची पाटी वाचता येत नाही. अशा रुग्णांपैकी काहींचा दोष डोळ्यांत नसतोच. डोळ्यांना जागेवर धरून ठेवणाऱ्या लहान मेंदूत, म्हणजे अनुमस्तिष्कात, तो असतो.

या आजारांत डोळे माणसाच्या इच्छेविना सरकतात, झटके देतात, कधी थरथरतात. पाहणाऱ्याला हा नुसता गोंधळ वाटतो, पण त्यात चांगलीच शिस्त असते. डोळे कोणत्या दिशेला झटकतात, कुठे पाहिल्यावर झटके वाढतात, किती वेळाने दिशा बदलते, हे लक्ष देऊन पाहिलं तर आजार लहान मेंदूच्या कोणत्या भागात आहे याचा अंदाज एमआरआयच्या आधीच बांधता येतो. त्यासाठी एक पेन, पुरेसा उजेड आणि काही मिनिटांचा निवांतपणा लागतो. इतकी स्वस्त आणि इतकी नेमकी तपासणी अनेकदा होतच नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

नजर रोखून धरणं हेही कामच

लहान मेंदू डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर असतो. आकाराने तो एकूण मेंदूच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा. पण माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्जांच्या आसपास पेशी या छोट्या जागेत दाटीवाटीने बसलेल्या आहेत. ही मोजणी ब्राझीलमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातल्या मोठ्या, खूप शाखा असलेल्या पेशी चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८३७ मध्ये प्रागच्या एका परिषदेत प्रथम मांडल्या, म्हणून त्या पुर्किंजे पेशी. त्याआधी, १८२० च्या दशकात, याच पुर्किन्ये यांनी गोल फिरल्यानंतर येणाऱ्या चकरीचा बारकाईने अभ्यास केला होता. पुर्किंजे पेशींचं काम मुख्यतः आवरण्याचं आहे. पुढच्या पेशींना त्या सतत ‘जरा कमी’ असा संदेश देत असतात. त्या मेल्या की हा आवर सुटतो. पुढे ज्या हालचालींचं वर्णन येणार आहे, त्यातल्या बऱ्याच या सुटलेल्या आवरातून जन्मतात.

आता साधी गोष्ट घेऊ. मान न वळवता उजवीकडच्या खिडकीकडे पाहत राहायचं आहे. खोबणीतल्या स्नायूंचा आणि मऊ उतींचा ताण बुबुळाला सारखा मध्यभागी खेचत असतो. त्यामुळे डोळा कडेला नुसता नेऊन चालत नाही, तिथे धरून ठेवायलाही सतत जोर लावावा लागतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले डेव्हिड रॉबिन्सन मूळचे अभियंते. १९६३ मध्ये त्यांनी डोळ्याची हालचाल अतिशय सूक्ष्मपणे मोजण्याची पद्धत तयार केली: डोळ्यावर तारेचं बारीक वेटोळं बसवायचं, भोवती चुंबकीय क्षेत्र ठेवायचं आणि वेटोळ्यात निर्माण होणारी वीज मोजायची. त्यांच्या कामातून स्पष्ट झालं की डोळा वळवण्याचा हुकूम आणि तो तिथे रोखण्याचा हुकूम वेगवेगळे असतात, आणि दुसरा हुकूम साठवणाऱ्या पेशींचं जाळं ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात, आहे.

हे जाळं मुळात गळक्या टाकीसारखं आहे. त्यात साठवलेला हुकूम हळूहळू ओसरतो. गळती भरून काढण्याचं काम लहान मेंदूच्या तळाशी असलेला फ्लॉक्युलस नावाचा छोटा भाग करतो. निरोगी माणसात ही साठवण वीस सेकंदांहून अधिक टिकते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत लहान मेंदूचा आधार काढून घेतल्यावर ती एक-दीड सेकंदावर आली. मग कडेला नेलेला डोळा मध्याकडे घसरू लागतो, माणूस झटक्याने तो पुन्हा कडेला नेतो, तो पुन्हा घसरतो. हळू घसरण आणि झटका यांची ही न थांबणारी आवर्तनं म्हणजे निस्टॅग्मस. दिशेचं नाव झटक्यावरून देतात, कारण तो डोळ्यात भरतो. पण खरा बिघाड संथ घसरणीत असतो. झटका ही बिचाऱ्या मेंदूची दुरुस्ती आहे.

कडेला पाहिल्यावर येणारा हा निस्टॅग्मस लहान मेंदूच्या आजारांत सर्वांत जास्त भेटतो. रुग्णाला अर्धा-एक मिनिट कडेला पाहायला लावून मग समोर पाहायला सांगितलं, तर काही वेळ उलट्या दिशेने झटके येतात. ही खूण फार महत्त्वाची, कारण ती प्रामुख्याने लहान मेंदूच्याच आजारांत दिसते. अगदी टोकाच्या कडेला पाहताना दोन-चार झटके निरोगी माणसालाही येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये काम करणारे मेंदूविकारतज्ज्ञ गॉर्डन होम्स यांच्यासमोर डोक्याच्या मागच्या भागात गोळी लागलेले सैनिक येत. त्यांच्या डोळ्यांची, हातांची, बोलण्याची तपासणी करून होम्स यांनी १९१७ मध्ये जी नोंद प्रसिद्ध केली, ती आजही वाचली जाते. इजा झालेल्या बाजूला पाहताना झटके मोठे आणि संथ होतात, हे त्यांनी कोणत्याही स्कॅनशिवाय पाहिलं होतं.

खाली झटकणारे डोळे

मोठेपणी जडणाऱ्या आणि कायम राहणाऱ्या निस्टॅग्मसमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो खाली झटकणारा. फ्लॉक्युलसमधल्या पुर्किंजे पेशी डोळे वर नेणाऱ्या मार्गांना अधिक प्रमाणात आवरतात. त्या कमी झाल्या की डोळे हळूहळू वर सरकतात आणि झटक्याने खाली येतात.

खाली आणि जरा कडेला पाहिलं की हे झटके वाढतात. माणूस वाचताना, जेवताना, जिना उतरताना खालीच पाहतो. त्यामुळे ज्या कामांना नजर लागते नेमकी तीच कामं अवघड होतात. ओळ सुटते, पायरी चुकते. रुग्ण सांगतात की समोरचं दृश्यच वर-खाली होतंय, आणि ते अक्षरशः खरं असतं. जन्मापासून निस्टॅग्मस असलेल्यांना सहसा असं दिसत नाही, त्यांच्या मेंदूने लहानपणीच ही हालचाल वजा करायला शिकलेलं असतं. चाळिशी-पन्नाशीनंतर आजार झालेल्याला ती सवलत मिळत नाही.

हा त्रास बऱ्याच जणांना सकाळी सर्वांत जास्त असतो आणि दिवस चढेल तसा कमी होतो. जर्मनीतल्या म्युनिकच्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं. डोकं कोणत्या स्थितीत होतं, यावर झटक्यांचा जोर ठरतो. दुपारी विश्रांती घ्यायची तर आडवं होण्याऐवजी टेकून बसल्यावर फायदा होतो, असं त्यांना आढळलं. पैसा न लागणारा हा सल्ला रुग्णाला आवर्जून सांगायला हवा.

कारणं अनेक आहेत. लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या तळाच्या छिद्रातून मानेकडे उतरलेला असतो, त्याला किआरी विकृती म्हणतात. हान्स किआरी यांनी प्रागमध्ये १८९१ साली तिचं वर्णन केलं. खोकलं किंवा शिंकलं की डोक्याच्या मागे कळ येते, ही तिची ओळखीची तक्रार. शस्त्रक्रियेने तिथली जागा मोकळी करता येते, म्हणून हे कारण शोधणं गरजेचं. लिथियमसारखी औषधं, मॅग्नेशियमची कमतरता, लहान मेंदूचं आनुवंशिक झिजणं, हीही कारणं आहेत. तरी मोठ्या संख्येच्या रुग्णांत काहीच सापडत नसे. २०२३ मध्ये मात्र एफजीएफ-१४ या जनुकातल्या डीएनए अक्षरांच्या लांबलेल्या पुनरावृत्तीमुळे उतारवयात सुरू होणारा अटॅक्सिया, म्हणजे तोल आणि हालचालींचा ताळमेळ जाण्याचा आजार, ओळखला गेला. ‘कारण अज्ञात’ असा शिक्का बसलेल्या खाली झटकणाऱ्या निस्टॅग्मसच्या बऱ्याच रुग्णांत आता हाच दोष सापडतो आहे. या लोकांचा त्रास दिवसागणिक कमी-जास्त होतो, श्रमाने किंवा दारूने वाढतो. त्यामुळे अनेकांना ‘मनाचं दुखणं’ म्हणून परत पाठवलं जातं, आणि ते अन्यायाचं आहे.

दीड मिनिटाने बदलणारी दिशा

एका प्रकारात डोळे सुमारे दीड मिनिट उजवीकडे झटकतात, काही सेकंद शांत होतात आणि मग सुमारे दीड मिनिट डावीकडे झटकतात. हे चक्र जागेपणी चालूच राहतं. घाईत अर्धं मिनिट पाहणाऱ्या डॉक्टरला फक्त एकाच दिशेचा निस्टॅग्मस दिसेल आणि निदान चुकेल. बिघाड लहान मेंदूच्या मध्यरेषेवरच्या नोड्युलस आणि युव्हुला या भागांत असतो. कानातल्या तोलाच्या इंद्रियाकडून आलेला संदेश मेंदू थोडा वेळ साठवून ठेवतो, ही साठवण किती वेळ टिकावी हे ते भाग ठरवतात.

या प्रकारावर चांगलं औषध आहे. स्नायूंचा ताठरपणा कमी करण्यासाठी दिलं जाणारं बॅक्लोफेन १९८० मध्ये यावर वापरून पाहिलं गेलं आणि अनेक रुग्णांत झटके थांबले. म्हणून घड्याळ लावून तीन-चार मिनिटं डोळे पाहणं वाया जात नाही.

नेम चुकणारी आणि नाचणारी नजर

एका वस्तूवरून दुसरीवर नजर नेताना डोळा एका झेपेत पोहोचतो. लहान मेंदूच्या आजारात ही झेप लांब किंवा आखूड पडते. डोळा बोटाच्या पुढे जातो आणि मागे येतो, किंवा दोन-तीन टप्प्यांत पोहोचतो. हलत्या वस्तूमागे सलग जाणारी नजरही तुटक होते. काही रुग्णांत नजर स्थिर असताना मधूनच छोट्या आडव्या झेपा घुसतात.

याचं टोकाचं रूप म्हणजे ऑप्सोक्लोनस. डोळे सर्व दिशांना, मध्ये क्षणभरही न थांबता, उड्या मारत राहतात. पोलिश मेंदूविकारतज्ज्ञ कझिमिएझ ओझेखोव्स्की यांनी १९१३ मध्ये त्याला हे नाव दिलं. लहान मुलांतला हा आजार मार्सेल किन्सबोर्न यांनी १९६२ मध्ये नीट मांडला: कालपर्यंत चालणारं मूल अडखळू लागतं, हातपाय झटकतात, चिडचिड वाढते आणि डोळे नाचतात. अशा मुलांपैकी जवळपास निम्म्यांच्या शरीरात न्यूरोब्लास्टोमा ही गाठ सापडते. गाठीविरुद्ध उठलेली प्रतिकारशक्ती मेंदूवरही हल्ला करते. डोळे नाचणाऱ्या मुलाच्या पोटाची आणि छातीची तपासणी लांबवू नये, ती याचसाठी. मोठ्या माणसांत फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कर्करोग शोधावा लागतो.

आपल्याकडे आणखी एक कारण लक्षात ठेवायला हवं. स्क्रब टायफस हा चिगर माइट नावाच्या सूक्ष्म किडीच्या चाव्यातून होणारा ताप आहे. नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत २०१८ मध्ये त्याची साथ आली होती. या तापात ऑप्सोक्लोनस झालेल्या रुग्णांच्या नोंदी भारतीय डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. ताप आणि नाचणारे डोळे एकत्र दिसले तर काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली काळी खपली आहे का, हे पाहावं. वेळेत डॉक्सिसायक्लिन मिळालं तर या तापावर उपाय होतो.

मुंबईतली नऊ कुटुंबं

डोळ्यांकडे पाहून आजार कसा वेगळा काढता येतो, याचं माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण मुंबईतलं आहे. जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशीर वाडिया यांच्याकडे तोल जाणारे, बोबडं बोलणारे रुग्ण येत. त्यातल्या काहींचे डोळे वेगळे होते. उजवीकडचं बोट पाहा, आता डावीकडचं पाहा, असं सांगितलं की निरोगी माणसाची नजर क्षणार्धात पोहोचते. मोठ्या झेपेत तिचा वेग सेकंदाला पाचशे अंशांपर्यंत जातो. या रुग्णांचे डोळे मात्र हळूहळू सरकत जात, इतके हळू की तो प्रवास साध्या नजरेला दिसे. काही जण नजर वळवण्यासाठी आधी मान फेकत किंवा पापण्या मिटत.

वाडिया यांनी रुग्णांच्या घरच्यांनाही तपासलं. १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात त्यांनी आणि डॉ. स्वामी यांनी अशा नऊ कुटुंबांची माहिती मांडली आणि हा आनुवंशिक अटॅक्सियाचा वेगळा प्रकार आहे असं प्रतिपादन केलं. तेव्हा जनुकीय चाचणी नव्हती, सीटी स्कॅनही नव्हता. होता तो केवळ निरीक्षणाचा नेटकेपणा. पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, तीन वेगवेगळ्या संशोधनगटांनी बाराव्या गुणसूत्रावरच्या अटॅक्सिन-२ जनुकातला दोष शोधला. सीएजी या तीन अक्षरांची पुनरावृत्ती बहुतेक लोकांत बावीस वेळा असते, या आजारात ती तेहतीस किंवा त्याहून अधिक वेळा होते. आता याला एससीए-२ म्हणतात, आणि भारतात सर्वाधिक आढळणाऱ्या आनुवंशिक अटॅक्सियांत तो मोडतो. वाडिया यांना २०१२ मध्ये पद्मभूषण मिळालं. २०१६ मध्ये ते गेले.

या आजारात एक विलक्षण गोष्ट घडते. नजरेला झटका देणाऱ्या ब्रेनस्टेममधल्या पेशीच झिजतात, त्यामुळे निस्टॅग्मसचा झटकाही हरवतो. डोळा घसरतो आणि घसरलेलाच राहतो. लहान मेंदू आजारी असूनही निस्टॅग्मस दिसत नाही, आणि हे न दिसणंच निदानाकडे नेतं. क्यूबातल्या ओल्गिन प्रांतात एससीए-२ ची कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. तिथल्या अभ्यासात असं दिसलं की दोषी जनुक असलेल्या, पण अजून ठणठणीत चालणाऱ्या माणसांतही नजरेच्या झेपेचा वेग कमी झालेला असतो.

चक्कर कानाची की मेंदूची

आपल्याकडे चक्कर आली की मानेचा एक्स-रे निघतो आणि ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणून पट्टा मिळतो. बहुतेक चकरा कानातल्या तोलाच्या इंद्रियातून येतात आणि जीवघेण्या नसतात. पण लहान मेंदूचा रक्तपुरवठा तुटला तरी सुरुवात अशीच होते: अचानक गरगरणं, उलट्या, उभं राहता न येणं. हातपाय लुळे पडत नाहीत, तोंड वाकडं होत नाही, त्यामुळे पक्षाघाताची शंका येत नाही. पुढच्या काही दिवसांत लहान मेंदूला सूज येऊन ब्रेनस्टेमवर दाब आला तर जीव धोक्यात येतो.

इथे डोळे मदतीला येतात. २००९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज कट्टा, डेव्हिड न्यूमन-टोकर आणि सहकाऱ्यांनी १०१ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सतत गरगरणाऱ्या माणसात तीन गोष्टी पाहायच्या. डोकं झटकन थोडं वळवल्यावर नजर तपासणाऱ्याच्या नाकावर टिकते का. निस्टॅग्मस नेहमी एकाच दिशेचा आहे की उजवीकडे पाहताना उजवा आणि डावीकडे पाहताना डावा होतो. आणि एकेक डोळा झाकून उघडताना तो वर-खाली सरकतो का. कानाच्या आजारात डोकं वळवल्यावर नजर सुटते. गरगरणं चालू असताना ती छान टिकली तर उलट काळजी वाढते, कारण मग दोष मेंदूत असण्याची शक्यता जास्त. झटक्याची दिशा बदलणं आणि झाकलेला डोळा सरकणं, या दोन्ही मेंदूच्या खुणा. अनुभवी हातांत ही तपासणी पहिल्या दोन दिवसांतल्या एमआरआयपेक्षा अधिक भरवशाची ठरली. त्या अभ्यासात सुरुवातीचा एमआरआय बारा टक्के पक्षाघातांत निर्दोष आला होता. ही तपासणी फक्त गरगरणं चालू असतानाच लागू पडते, आणि शिकलेल्या डॉक्टरनेच करायची असते.

औषधांनी आणि उपासमारीने होणारा निस्टॅग्मस

फिट्सवर दिलं जाणारं फेनिटोइन रक्तात जास्त झालं की आधी डोळ्यांत दिसतं. ढोबळ नियम असा: मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅमच्या वर कडेला पाहताना निस्टॅग्मस, ३० च्या वर तोल जाणं, ४० च्या वर गुंगी. या औषधाचा डोस थोडा वाढवला तरी रक्तातली पातळी खूप चढू शकते. म्हणून गोळी बदलल्यावर कुणी झोकांड्या खाऊ लागलं तर त्याने दारू घेतली असं घरच्यांनी समजू नये, रक्ततपासणी करावी.

दारू, गरोदरपणातल्या न थांबणाऱ्या उलट्या, वजन घटवण्याची शस्त्रक्रिया, यांतून थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व संपतं. मग निस्टॅग्मस, तोल जाणं आणि संभ्रम दिसू लागतो. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये वर्णन केलेला हा आजार आहे. अशा रुग्णाला ग्लुकोजच्या सलाइनबरोबर नाही, तर त्याच्या आधी थायमिनचं इंजेक्शन द्यायचं असतं. ते वेळेत मिळालं तर डोळे काही तासांत सुधारू लागतात. राहून गेलं तर स्मृती कायमची जाऊ शकते.

उपाय काय आहेत

खाली झटकणाऱ्या निस्टॅग्मससाठी अमिनोपिरिडिन गटातली औषधं म्युनिकच्या मिखाएल श्ट्रुप यांच्या गटाने २००३ पासून वापरून पाहिली. पुर्किंजे पेशींचं काम ती सुधारतात. सर्वांना गुण येत नाही, पण एफजीएफ-१४ दोषाच्या रुग्णांत प्रतिसाद विशेष चांगला दिसतो. फिट्सचा इतिहास असलेल्यांना ती देणं धोक्याचं. अधूनमधून तासन्‌तास तोल जाणाऱ्या एपिसोडिक अटॅक्सिया-२ वर ॲसिटाझोलामाइड १९७० च्या दशकापासून उपयोगी पडतं. घड्याळाच्या लंबकासारख्या, दोन्ही बाजूंना सारख्या वेगाने होणाऱ्या डोलण्यावर गॅबापेंटिन आणि मेमँटिन दिलं जातं. एससीए-२ सारखी झीज थांबवणारं औषध आज उपलब्ध नाही. तिथे तोलाचे आणि चालण्याचे नियमित व्यायाम, न अडखळता फिरता येईल असं घर, आणि मुलांच्या जनुकीय चाचणीचा विचार करण्याआधी समुपदेशन, यांचा खरा आधार असतो. आई किंवा वडिलांना एससीए-२ असेल तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी असते, आणि पुढच्या पिढीत तो बरेचदा लवकर सुरू होतो. चाचणी करायची की नाही, हा निर्णय सज्ञान झालेल्या मुलाचा स्वतःचा असावा.

घरच्यांना करता येण्याजोगी एक गोष्ट फार उपयोगाची आहे. त्रास चालू असताना मोबाइलवर डोळ्यांचं चित्रीकरण करा. खिडकीच्या उजेडात, कॅमेरा जवळ धरून, रुग्णाला समोर, उजवीकडे, डावीकडे, वर आणि खाली प्रत्येकी दहा-पंधरा सेकंद पाहायला सांगा आणि शेवटी तीन-चार मिनिटं सलग समोर. सकाळचं आणि संध्याकाळचं चित्रीकरण वेगळं ठेवा. सोबत चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी, आणि घराण्यात आणखी कुणाचा तोल जात होता का, त्यांना तो त्रास कोणत्या वयात सुरू झाला, हे लिहून न्या.